लिगामेंट नसलेला पिचर

१९९६ साली टेक्सस रेंजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाने आर. ए. डिकी नावाच्या कॉलेजच्या पिचरला ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या, पहिल्या फेरीत निवडलं. साइनिंग बोनस म्हणून ८ लाख १० हजार डॉलर द्यायचं ठरलं. सही व्हायची तेवढी बाकी होती. दरम्यान अमेरिकेच्या ऑलिंपिक संघातल्या पिचर मंडळींचा फोटो एका बेसबॉल नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापून आला, आणि रेंजर्सच्या एका माणसाच्या डोळ्याला त्यात काहीतरी खटकलं. डिकीचा उजवा हात कोपरात विचित्र लोंबत होता. डॉक्टरांनी कोपर हलवून पाहिलं, एमआरआय काढला. कोपराच्या आतल्या बाजूला जे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, असतं, ते याच्या हातात नव्हतंच. फाटलेलं असतं तर गोष्ट वेगळी. हे मुळातच नव्हतं. दाराची मूठ फिरवतानाही या माणसाला दुखायला हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. डिकीला कधीच काही दुखलं नव्हतं. ऑफर मागे घेतली गेली, आणि शेवटी मिळाले ७५ हजार. त्याने सही केली.

काही सेंटिमीटरच्या पट्ट्यापायी ७ लाख ३५ हजार डॉलर का कापले गेले, हे एकदा कळलं की पिचरच्या कारकिर्दीतलं बाकीचं बरंचसं समजायला सोपं जातं. पगार कधी मिळतो, करार केवढ्याचा होतो, दीड-दीड वर्ष घरी का बसावं लागतं, सगळं त्या पट्ट्यापाशी येऊन थांबतं.

आपण क्रिकेटवाले असल्यामुळे पिचर म्हणजे बॉलर असं म्हणून मोकळे होतो. काम एकच, फलंदाजाला चकवायचं. पण शरीराचा हिशेब अगदी निराळा. फास्ट बॉलर धावत येतो आणि धावेतला वेग चेंडूत उतरवतो. कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की बॉल अवैध. पिचरला रनअप नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर एक पाय रबराच्या पट्टीला टेकवून उभं राहायचं आणि उभ्या जागेवरून सगळा वेग काढायचा. पाय, कंबर, धड, खांदा, मग कोपर, असा जोर चढत जातो. कोपर हवं तेवढं वाकवायची मुभा आहे, म्हणूनच हे जमतं. फलंदाज १८.४४ मीटरवर. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, आज साधा फास्टबॉल सरासरी ताशी १५१-१५२ किलोमीटरने जातो, म्हणजे फलंदाजाच्या हातात साधारण ०.४ सेकंद. टप्पा नाही, खेळपट्टीची मदत नाही.

आता कोपर जवळून पाहू. हात मागे ताणून पुढे यायला लागतो त्या क्षणी हाताचा खालचा भाग मागेच राहिलेला असतो आणि कोपराची आतली बाजू फाकू पाहते. तिला फाकू न देणारा पट्टा म्हणजे हे लिगामेंट. प्रयोगशाळेत व्यावसायिक दर्जाच्या पिचरच्या कोपरावर या क्षणी साधारण ६४ न्यूटन-मीटरचा पीळ मोजला गेला आहे. मृतदेहांच्या कोपरांवर केलेल्या चाचण्यांत नुसतं लिगामेंट ३२ च्या आसपास तुटतं. म्हणजे प्रत्येक जोरदार चेंडूला, हिशेबाने, ते तुटायलाच हवं. तुटत नाही, कारण हाताचे स्नायू अर्धा भार उचलतात. ऐंशी-नव्वद चेंडूंनंतर स्नायू थकले की तो भार कुणावर जातो, हे सांगायला नको.

१९७४ पर्यंत हा पट्टा फाटला म्हणजे विषय संपला. माणूस विम्याची एजन्सी नाहीतर वडिलांचं दुकान बघायचा. त्या वर्षीच्या जुलैत लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचा पट्टा फाटला. हंगामात १३ विजय, ३ पराभव अशी त्याची कामगिरी चालू होती. २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या मनगटातला एक टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढला, कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि तो टेंडन त्यातून ओवून नवं लिगामेंट बनवलं. यश येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन १९७५ चा पूर्ण हंगाम घरी बसला, १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे. ऑपरेशनला आज त्याचंच नाव आहे. त्याच ऑक्टोबरात, शस्त्रक्रियेनंतर जेमतेम महिन्याने, नॅशव्हिल गावी डिकी जन्मला.

तो टेंडन तुमच्याकडे आहे का, ते आत्ता बघता येईल. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वळवा. मनगटाच्या मधोमध दोरी उठून दिसली, तर आहे. काही जणांच्या हातात तो नसतोच, आणि त्यांचं काही अडतही नाही. असा बिनकामाचा टेंडन शरीरात तयार पडलेला असल्यामुळेच ही शस्त्रक्रिया इतकी पसरली.

आणि पसरली म्हणजे किती! मेजर लीगने २०२४ च्या अखेरीस स्वतःच काढलेल्या अहवालानुसार, मेजर आणि तिच्या खालच्या मायनर लीग मिळून २०१० साली अशा १०४ शस्त्रक्रिया झाल्या होत्या, २०२४ मध्ये २८१. याच काळाच्या आगेमागे सरासरी फास्टबॉल ताशी १४७ वरून १५२ किलोमीटरवर गेला. कोपर मात्र आजोबांच्या वेळचंच राहिलं. परत यायला बारा ते अठरा महिने लागतात. पहिले कित्येक महिने चेंडू हातात घ्यायचा नाही, मग चार पावलांवरून टाकायचा, मग दहा. डॉक्टरांपेक्षा फिजिओ जास्त भेटतो.

आता पैशाकडे. इथला घोळ बाहेरच्याला चटकन कळत नाही, म्हणून जरा सावकाश घेऊ.

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघात २६ जण, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. म्हणजे जगातल्या सगळ्यांत मोठ्या लीगमध्ये एका वेळी ३९० नोकऱ्या. प्रत्येक संघातल्या तेरांपैकी पाच जण स्टार्टर. हे सामना सुरू करतात, नव्वद-शंभर चेंडू टाकतात आणि पुढचे चार दिवस विश्रांती घेतात. १६२ सामन्यांच्या हंगामात एकेकाच्या वाट्याला तिसाच्या वर थोडे सामने येतात. उरलेले रिलीव्हर, म्हणजे मधेच येऊन टाकणारे: एक डाव (तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा खेळ, सामन्यात प्रत्येक संघाला असे नऊ), दोन डाव, कधी एकच फलंदाज. त्यांना आज खेळायचं आहे की नाही, हे संध्याकाळपर्यंत माहीत नसतं.

या ३९० मध्ये पोचण्याआधी मायनर लीगच्या चार पायऱ्या: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याच्याही खाली नवशिक्यांची लीग. आपल्या रणजीसारखी ही वेगळी स्पर्धा नाही. प्रत्येक मेजर संघाने आपापली पोरं खालच्या संघांतून वाढवायला ठेवलेली असतात, आणि खेळाडूंवर मालकी वरच्याचीच. खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडला गेला की त्याला दुसऱ्या संघाशी बोलताच येत नाही. मायनरच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार व्हायला २०२३ साल उजाडलं. त्यात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर ठरला, सगळ्यांत खालचा १९,८००. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार होता ७ लाख २० हजार. ट्रिपल-ए आणि मेजर यांत एकाच पायरीचं अंतर, पगारात वीसपट. एका फोनवर माणूस वर जातो आणि तीन चेंडू वाईट पडले की परत खाली.

वर टिकला म्हणजे लगेच कोट्यधीश झाला, असंही नाही. इथे ‘सर्व्हिस टाइम’ मोजला जातो. मेजर लीगच्या यादीतले १७२ दिवस भरले की एक वर्ष. साधारणपणे पहिली तीन वर्षं पगार संघ ठरवेल तो, म्हणजे किमान पगाराच्या आसपास. पुढची तीन वर्षं लवादाची. खेळाडू एक आकडा सांगतो, संघ एक आकडा सांगतो, आणि लवादाला त्या दोहोंतला एकच निवडावा लागतो, मधला काढता येत नाही. त्या सुनावणीत तुमचाच संघ वकील लावून तुम्ही कसे तेवढ्या लायकीचे नाही हे तुमच्यासमोर सांगतो, आणि चार आठवड्यांनी त्यांच्याच टोपीत तुम्ही मैदानात उतरता. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. मग बाजारात जो जास्त देईल त्याचा.

पूर्वी तेही नव्हतं. करारात एक कलम असायचं, त्याच्या जोरावर संघ खेळाडूला वर्षानुवर्षं बांधून ठेवायचा. सालगडी निदान पाडव्याला मालक बदलू शकतो. यांना ती सोय नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने ते कलम मोडीत काढलं. ज्यांच्या प्रकरणात काढलं ते अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली, दोघेही पिचर. मला यात नवल वाटत नाही. आपला माल नाशिवंत आहे हे पिचरइतकं कुणाला कळणार?

म्हणजे गणित असं: हात ताजा असतो त्या वर्षांत पैसा कमी, आणि मोठा पैसा येतो तेव्हा हात झिजलेला. जेकब डीग्रॉम घ्या. न्यूयॉर्क मेट्सने त्याला २०१० साली नवव्या फेरीत घेतला. कॉलेजात तो मुख्यतः फिल्डर होता. त्याच वर्षी टॉमी जॉन शस्त्रक्रिया. मेजर लीगमध्ये उतरला तो २०१४ ला, २५ व्या वर्षी, आणि किमान पगाराच्या आसपास खेळत सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१८ मध्ये त्याने दर नऊ डावांमागे १.७० धावा दिल्या. हे कसोटीत पंधराच्या सरासरीने बळी घेण्याच्या तोडीचं समजा. मोठा करार २०१९ ला झाला. डिसेंबर २०२२ मध्ये रेंजर्सने त्याला पाच वर्षांसाठी १८ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले. सहा सामने झाले आणि कोपर पुन्हा फाटलं. जून २०२३ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया. त्याच वर्षी रेंजर्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकले, हा बाहेर बसून बघत होता. पगार पूर्ण मिळाला, कारण मेजर लीगचे करार दुखापतीतही चालू राहतात. पुढे २०२५ मध्ये तो झकास परतला. पण संघ इतके पैसे टाकतात ते ही जोखीम माहीत असताना, आणि पोरगा सतराव्या वर्षी जीव तोडून टाकतो तोही ती माहीत असताना. कारण ड्राफ्टमध्ये वेगाला भाव आहे. सावकाश टाकून कोपर जपणाऱ्याला बघायला कुणी स्काउट (संघासाठी खेळाडू हेरणारा) येत नाही.

आपल्याकडच्यांना रिंकू सिंग आठवेल. भदोहीकडचा भालाफेकपटू, भारतात घेतलेल्या एका पिचिंग स्पर्धेतून २००८ साली तो आणि दिनेश पटेल पिट्सबर्ग पायरेट्सच्या करारात गेले. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला आणि पुढचे हंगाम दुखापतींनी खाल्ले. नंतर तो कुस्तीच्या रिंगणात दिसला. बेसबॉलचा चेंडू कधी हातात न धरलेल्या मुलाने तिथवर जाणं हे आपल्याकडे नवलाईची बातमी म्हणून खपलं. त्याच्या पायरीवर त्याच्या आगेमागे हजारो जण अडकून पडलेले असतात, ते कुणी सांगितलं नाही.

डिकीही अडकलाच होता. २००१ ला पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला, आणि मग वर-खाली, वर-खाली. वेग बेताचा, कोपर संशयास्पद, वय तिशीकडे. २००५ मध्ये रेंजर्सच्या प्रशिक्षकांनी त्याला स्पष्ट सांगितलं: आहे या चेंडूवर तुझं वर काही होणार नाही, नकलबॉल धर.

नकलबॉल म्हणजे न फिरणारा चेंडू. साधा फास्टबॉल मिनिटाला दोन हजारांच्या वर फेरे घेतो, त्यामुळे तो कुठे जाणार याचा अंदाज बांधता येतो. नकलबॉल फलंदाजापर्यंत जाताना एखादाच फेरा घेतो, जमलं तर तेवढाही नाही. चेंडूवरची शिवण एका जागी जवळपास थांबलेली असते. शिवण ज्या बाजूला, त्या बाजूची हवा वेगळी वाहते आणि चेंडू तिकडे ओढला जातो. अर्धा फेरा झाला की शिवण दुसरीकडे, ओढ दुसरीकडे. फलंदाजाला कळत नाही, कॅचरला, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाला, कळत नाही (तो मोठा ग्लोव्ह घेऊन बसतो), आणि खरं सांगायचं तर टाकणाऱ्यालाही कळत नाही. डिकी पहिल्या दोन बोटांची नखं शिवणीच्या नालेसारख्या वळणाखाली रोवायचा, मनगट ताठ ठेवायचा आणि चेंडू नुसता पुढे सोडायचा. त्यामुळे नखं ही त्याची हत्यारं. नख तुटलं तर सामना गेला.

श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात हाच नकलबॉल क्रिकेटमध्ये वापरला होता. पण तिथे त्याचं काम फलंदाजाला वेगात फसवण्याचं. हात फास्ट बॉलचा, चेंडू संथ. बेसबॉलमध्ये टप्पाच नसल्याने हवेतलं डगमगणं हेच सगळं भांडवल.

आणि चेंडू जरा जास्त फिरला, तर उरतो तो एक संथ, सरळ, मारायला सोपा चेंडू. ६ एप्रिल २००६ ला डिकी नकलबॉलर म्हणून पहिल्यांदा सामना सुरू करायला उतरला. डेट्रॉइट टायगर्सनी त्याला चार डाव पुरे व्हायच्या आत सहा होमरन (आपल्या षटकारासारखे, मैदानाबाहेर) मारले. एका पिचरला एका सामन्यात आधुनिक काळात सर्वाधिक होमरन बसण्याच्या विक्रमाशी बरोबरी. लगेच ट्रिपल-ए. २००७ ते २००९ अशी तीन वर्षं तो मिलवॉकी, सिअॅटल, मिनेसोटा असे संघ बदलत हिंडला. या काळात त्याला शिकवलं ते जुन्या नकलबॉलरांनी. चार्ली हफने पकड सुधारली. ४८ व्या वर्षापर्यंत खेळून ३१८ सामने जिंकलेल्या फिल नीक्रोने सल्ले दिले. बोस्टनचा टिम वेकफिल्ड तर तेव्हा खेळत होता, म्हणजे सरळसरळ प्रतिस्पर्धी, तरी त्याने आपली विद्या दाखवली. इतर पिचर आपली युक्ती शेजाऱ्याला सांगत नाहीत. नकलबॉलर सांगतात, कारण एका वेळी सगळ्या लीगमध्ये ते दोन-तीनच असतात.

२०१० मध्ये मेट्सने त्याला मायनरच्या करारावर घेतलं आणि सरावशिबिरातून सगळ्यांत आधी वगळलं. मे महिन्यात बोलावणं आलं. त्यानंतर तो खाली गेला नाही. २०१२ मध्ये २० विजय, ६ पराभव, २३० स्ट्राइकआउट (फलंदाजाला चेंडू नीट मारू न देता बाद करणं). जूनमध्ये लागोपाठच्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना पूर्ण नऊ डावांत एकेकच हिट (मारून पहिल्या बेसवर सुखरूप पोचणं) मिळाली. त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, त्याला मिळाला. तो मिळवणारा तो पहिला नकलबॉलर. वय ३८. त्याचा नकलबॉल ताशी १२४ किलोमीटरच्या आसपास असायचा, नकलबॉलच्या मानाने जलदच, पण कोपरावरचा ताण फास्टबॉलवाल्यांच्या जवळपासही नाही.

त्या वर्षाचं मुंबईशी एक नातं आहे. जानेवारी २०१२ मध्ये डिकी किलिमांजारो चढला, तो कामाठीपुऱ्यात देहविक्रीत अडकलेल्या बायका-मुलींसाठी काम करणाऱ्या ‘बॉम्बे टीन चॅलेंज’ या संस्थेला निधी मिळावा म्हणून. मेट्सने त्याला रीतसर पत्र धाडलं: वर काही दुखापत झाली तर ४२ लाख ५० हजार डॉलरचा करार रद्द करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. संघाच्या बाजूने बघितलं तर चूक नाही. पिचरच्या करारात स्कीइंग, मोटरसायकल वगैरे बंदच असतं. शरीर हीच मालमत्ता. तो तरीही गेला. पुढच्या जानेवारीत आपल्या मुलींना घेऊन मुंबईलाही येऊन गेला.

तोवर मेट्सने त्याला टोरंटोला देऊन टाकलं होतं. ट्रेड म्हणजे खेळाडूची अदलाबदल, आणि तीत बहुतेक वेळा खेळाडूला विचारत नाहीत. बदल्यात मेट्सने जे तरुण घेतले त्यांत नोआ सिंडरगार्ड होता, वीस वर्षांचा, पुढे ताशी १६० किलोमीटरने टाकणारा. सौदा मेट्सला लाभला, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण २०२० च्या मार्चमध्ये सिंडरगार्डचं लिगामेंट फाटलं आणि तो वेग परत आला नाही. टोरंटोने डिकीला आणखी दोन वर्षांचे २ कोटी ५० लाख डॉलर दिले आणि त्याने वर्षामागून वर्ष दोनशेच्या आसपास डाव टाकून ते फेडले. कोपराने त्याला कधी दगा दिला नाही. फाटायला काही नव्हतंच.

निवृत्तीचा सोहळा फार थोड्या पिचरांच्या नशिबी येतो. बाकीच्यांचा एक हिवाळा असा येतो की फोन वाजत नाही. मेजर लीगच्या यादीत ४३ दिवस काढले असतील तर थोडंफार पेन्शन लागू होतं, पूर्ण पेन्शनला दहा वर्षं लागतात. डिकीचा शेवटचा हंगाम २०१७ चा, अटलांटा ब्रेव्हजकडून. वय ४२, सामने ३१, डाव १९०, विजय दहा आणि पराभवही दहा. करारात पुढच्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात होता: ठेवलं तर ८० लाख डॉलर, नको असेल तर ५ लाख देऊन मोकळं करायचं. ब्रेव्हजनी ५ लाख दिले.